वारा मोजणार कोण?



आपल्या मालाला मापे लावणारे पुष्कळ आहेत. कापूस घेऊन केंद्रावर गेलो की गाडीतल्या ढिगात आर्द्रता मोजायचे यंत्र खुपसले जाते. आकडा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव तुटू लागतो, १२ च्या वर गेला तर गाडी माघारी. काटा त्यांचा, यंत्र त्यांचे, आकडा वाचणारा डोळाही त्यांचा.

त्यातले एक माप असे आहे की ते काय असते हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. हमीभावाचा कागद नीट वाचून पाहा. मध्यम धाग्याचा कापूस म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर लांबी आणि ४.३ ते ५.१ मायक्रोनेअर. लांब धाग्याचा म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर आणि ३.५ ते ४.३ मायक्रोनेअर. लांबी समजली. मायक्रोनेअर म्हणजे काय? ठरावीक वजनाचा रुईचा बोळा एका लहान नळकांड्यात दाबून बसवतात. जुन्या यंत्रात हा बोळा ३.२४ ग्रॅमचा असे. त्यातून ठरावीक दाबाची हवा सोडतात आणि किती हवा पलीकडे जाते ते पाहतात. तंतू बारीक असले तर हवेला अडथळा जास्त, जाड असले तर कमी. त्यावरून आकडा ठरतो. केंद्रावर प्रत्येक गाडीचा मायक्रोनेअर काढत कोणी बसत नाही, ग्रेडर मूठभर कापूस ओढून नजरेनेच निकाल देतो, हा भाग वेगळा. पण कागदावर तरी आपल्या कापसाची किंमत हवेचा प्रवाह आणि हवेचा दाब मोजून ठरते.

म्हणजे आपला कापूस विकायच्या वेळी हवा मोजता येते. तोच कापूस शेतात उभा असताना, त्यावर विष फवारताना, आपल्या तोंडासमोरून जी हवा वाहते ती मात्र कोणी मोजत नाही. आज मला त्याबद्दल लिहायचे आहे.

२०१७ सालचा ऑगस्ट ते ऑक्टोबरचा काळ यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार विसरणार नाही. कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा झालेली शेकडो माणसे दवाखान्यात दाखल झाली आणि एकट्या त्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसे दगावली. विदर्भातल्या इतर जिल्ह्यांतूनही तशाच बातम्या आल्या. गेलेल्यांत स्वतःच्या वावरात फवारणारे कास्तकार होते, तसे रोजाने दुसऱ्याच्या वावरात फवारणारे मजूरही होते. त्या साली पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, दाटली होती, आणि माणूस तिच्यात बुडून फवारत होता. चौकशी पथक नेमले गेले. आणि कचेऱ्यांतून पहिले बोट उठले ते फवारणाऱ्याकडे. मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, चार औषधे एकत्र कालवली, वाऱ्याच्या विरुद्ध फवारले.

मास्क आणि हातमोज्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. ज्यांनी सल्ला दिला त्यांनी ऑक्टोबरच्या उन्हात अंगभर रबरी डगला घालून पाठीवर सोळा लिटरचा डबा घेऊन एक एकर फवारून दाखवावे, मग बोलू. औषधे कालवण्याचा सल्ला बहुतेक वेळा कुठून मिळतो हेही सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानाच्या काउंटरवरून. मला बोलायचे आहे ते चौथ्या आरोपाबद्दल, वाऱ्याबद्दल.

औषधाच्या डब्याबरोबर घडी घातलेले एक पत्रक मिळते. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, अनेक भाषांत. त्यात औषध किती मिलिलिटर, पाणी किती लिटर, काढणीच्या आधी किती दिवस फवारणी बंद, सगळे आकड्यांत. वाऱ्याची वेळ आली की बहुतेक पत्रकांत आकडा गायब होतो. जोराच्या वाऱ्यात फवारू नका, वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नका, झाले. जोराचा म्हणजे किती? धोतर उडते तेवढा की फेटा उडतो तेवढा? कंपनीने शब्द लिहून आपली सुटका करून घेतली. उद्या काही झाले तर सांगायला मोकळी, आम्ही लिहिले होते. ज्या सूचनेत माप नाही ती सूचना पाळली की मोडली हे ठरवायचे कसे? ते नंतर ठरते, दवाखान्यात माणूस पडल्यावर, आणि ठरवणारा त्या दिवशी वावरात नसतो.

आता कोणी म्हणेल, शेतकऱ्याला वारा काय शिकवायचा? खरे आहे. ज्वारीची रास उपणताना आपली माणसे वाऱ्याची वाट पाहत बसत. तिवईवर उभा राहिलेला माणूस गालावर झुळूक आली की सूप कलता करी. वारा पडला की थांबे, अंगावर आला की फिरून उभा राही. दाणे पायाशी पडत, भूस पुढे जाऊन पडे आणि कोंडा त्याच्याही पलीकडे उडून जाई. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे त्याला फवारणीचे शास्त्र निम्मे आलेच. पंपाच्या नोझलमधून निघणारे थेंब एकसारखे नसतात. मोठा थेंब म्हणजे दाणा, तो पानावर पडतो. बारीक थेंब म्हणजे कोंडा. फरक एवढाच की उपणताना कोंडा डोळ्याला दिसतो आणि हा कोंडा दिसत नाही, कारण तो धुक्यासारखा असतो. आणि हा कोंडा विषारी आहे.

हिशेब असा आहे. थेंबाचे माप मायक्रॉनमध्ये सांगतात, हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. दहा फूट उंचीवरून थेंब सोडला आणि वारा ताशी पाच किलोमीटर, म्हणजे आपण सावकाश चालतो तेवढा असला, तर ४०० मायक्रॉनचा थेंब दोन सेकंदांत खाली येतो आणि फार तर अडीच मीटर सरकतो. १०० मायक्रॉनच्या थेंबाला दहा सेकंद लागतात, तो तेरा-चौदा मीटर जातो. २० मायक्रॉनचा थेंब चार मिनिटे हवेत राहतो आणि तीनशे मीटरच्या पुढे जाऊन पडतो. आपण दहा फुटांवरून फवारत नाही, तीन-चार फुटांवरून फवारतो, म्हणून अंतरे त्या मानाने कमी धरा. पण उन्हात थेंबातले पाणी वाटेतच आटते, थेंब आणखी बारीक होतो आणि आणखी दूर जातो, तेही धरा. आणि पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली म्हणजे नोझल कमरेजवळ राहत नाही, नाकासमोर येते.

तेव्हा वाऱ्याचा अंदाज असणे वेगळे आणि आकडा हातात असणे वेगळे. उपणताना अंदाज चुकला तर मूठभर दाणे कोंड्यात जात. फवारणीत अंदाज चुकला तर काय जाते ते २०१७ ने दाखवले.

वारा मोजण्याची यंत्रे आता मुठीत मावतात. वर चार बोटांएवढा पंखा, खाली आकड्यांची खिडकी. वारा पंख्याला फिरवतो, फेऱ्या मोजून वेग दिसतो. इंग्रजीत त्याला ॲनिमोमीटर म्हणतात, आपण वारामापक म्हणू. साधा वारामापक हजार-दोन हजार रुपयांच्या घरात मिळतो. तीन लहान वाट्या फिरणारी जातही असते, ती कोणत्याही दिशेचा वारा घेते पण मंद वाऱ्यात लवकर हलत नाही. तापलेली तार वाऱ्याने किती गार होते त्यावरून वेग काढणारे यंत्र फार नाजूक झुळूकही दाखवते, पण ते बंद खोल्यांतल्या हवेच्या कामाचे. वावरातल्या धुळीत आणि मजुराच्या खिशात ते टिकणार नाही. नळीत पाणी घालून हवेचा दाब मोजायची जुनी युक्ती शाळेत सगळ्यांनी पाहिली असेल, दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक मोजायचा. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात हा फरक सहा मिलिमीटर येतो. आपल्या कामाच्या, ताशी दहा किलोमीटरच्या वाऱ्यात तो अर्धा मिलिमीटरही येत नाही, म्हणून ती युक्ती इथे उपयोगाची नाही. कोणी दोऱ्याला टेबलटेनिसचा चेंडू बांधून कंपासपेटीतल्या कोनमापकावर वारा मोजायला सांगतात. हिशेब करून पाहिला, ताशी दहा किलोमीटरला दोरा जेमतेम सहा अंश कलतो. पोरांना शिकवायला ठीक, फवारणीला नाही. तेव्हा पंख्याचाच वारामापक घ्यावा.

घेतला तर वापरायचा कसा, तेही सांगतो, कारण दुकानदार सांगणार नाही. यंत्र बहुधा सेकंदाला मीटर दाखवते. त्याला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर येतात, म्हणजे २ दिसले तर ताशी सात किलोमीटर. हात लांब करून, पंख्याचे तोंड वाऱ्याकडे करून, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर धरा. स्वतःच्या अंगाच्या आडोशाला नको, बाभळीच्या किंवा गोठ्याच्या आडोशाला नको. एक पूर्ण मिनिट थांबा. वारा एका आकड्यावर बसत नाही, तो खालीवर होतो. साधारण आकडा किती आणि झोत आला तेव्हा सर्वांत मोठा किती, दोन्ही पाहा. निर्णय मोठ्या आकड्यावर घ्यायचा, कारण थेंब झोतातच उडतात. फवारणी सुरू करताना एकदा मोजले आणि खिशात टाकले असे करू नका, दर दोन-तीन डब्यांनंतर मोजा. यंत्र खरे बोलते की नाही हे पाहायचे असेल तर वारा पडलेल्या सकाळी मोटारसायकलवर मागे बसून हात बाहेर धरा, चालवणाऱ्याने ताशी वीसचा वेग ठेवावा. आकडा साडेपाचच्या जवळपास यायला हवा. फारच फरक आला तर यंत्र परत करा.

मर्यादा किती धरायची? इंग्लंडमध्ये फवारणीला सर्वांत चांगला वारा ताशी तीन ते साडेसहा किलोमीटर समजतात, तोही फवारणीच्या उंचीवर मोजलेला. ऑस्ट्रेलियात २०१८ साली २,४-डी या तणनाशकाचे नियम कडक झाले तेव्हा डब्यावर वारा आकड्यात आला, ताशी ३ च्या खाली नको आणि १५ च्या वर नको, आणि तोही फवारणीच्या जागी, फवारणीच्या वेळी. तिथल्या फवारणीची यंत्रे आणि नोझल वेगळी, थेंब जाड. आपल्या पाठीवरच्या पंपाला, जिथे माणूस स्वतः फवाऱ्यात चालतो, मी दहाच्या वर जाऊ नये असे म्हणेन.

हे वाचून कोणी चमकेल. जास्त वारा नको हे समजले, पण तीनच्या खालीही नको, हे कसे? आपल्याला तर नेहमी सांगतात की वारा पडलेला असताना, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. हा सल्ला अर्धाच खरा आहे. हिवाळ्याच्या तोंडावर, आभाळ निरभ्र असताना, दिवस मावळल्यावर गावाकडे पाहा. चुलींचा धूर वर जात नाही, घरांच्या छपरांवर पट्ट्यासारखा पसरून राहतो. जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वरची हवा गरम राहते, आणि मध्ये झाकण बसल्यासारखे होते. त्या वेळी फवारले तर बारीक थेंब खाली बसत नाहीत आणि उडूनही जात नाहीत. तिथेच तरंगतात, आणि फवारणारा माणूस पुढच्या तासात त्यातूनच चालतो. मग तो थर हळूहळू उताराकडे, नाल्याकडे सरकतो. दाट पऱ्हाटीच्या आत तर भर दिवसाही वारा शिरत नाही. सकाळचीही तीच गोष्ट, ऊन वर येऊन जमीन तापेपर्यंत हे झाकण राहते. म्हणून वारामापकाचा पंखा अजिबात हलत नसेल तर ती परवानगी समजू नका, तो इशारा आहे. हलकी, एका दिशेने वाहणारी झुळूक हवी. उपणणाऱ्यालाही तीच हवी असे.

यंत्र हाती नसेल त्याने काय करावे? दोनशे वर्षांपूर्वी ब्युफोर्ट नावाच्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने वाऱ्याला पायऱ्या पाडून दिल्या, आणि पुढे त्यांना जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. धूर कलतो पण पान हलत नाही, तेव्हा वारा ताशी एक ते पाच किलोमीटर. चेहऱ्याला वारा लागतो आणि पाने सळसळतात, तेव्हा सहा ते अकरा. पाने आणि बारीक डहाळ्या सारख्या हलत राहतात, तेव्हा बारा ते एकोणीस, म्हणजे डबा उतरवून ठेवा. धूर पाहण्यासाठी उदबत्ती लावा. बिडी नको, विषाचे हात तोंडाला लागतात. पण एक लक्षात ठेवा, या पायऱ्या झाडांच्या उंचीवरच्या वाऱ्याच्या आहेत. हवामान खाते अंदाजात जो वेग सांगते तोही जमिनीपासून १० मीटरवरचा धरलेला असतो. माणसाच्या डोक्याजवळ, दोन मीटरवर तो साधारण तीन चतुर्थांश राहतो. मोबाईलवर सोळा आले तर डोक्याजवळ बारा समजा. मंडळात एक हवामान केंद्र, आणि मंडळात गावे किती! टेकडीच्या पायथ्याचा वारा वेगळा, नदीकाठचा वेगळा. तालुक्याचा वारा आपल्या धुऱ्यावर चालत नाही.

आता दिशेबद्दल. वारा मावळतीकडून येत असेल तर फवारणी उगवतीच्या धुऱ्यापासून सुरू करा. तासे दक्षिणोत्तर चाला, नळी उगवतीच्या हाताला धरा, आणि दर फेरीला मावळतीकडे एक तास सरका. म्हणजे फवारलेले सगळे पीक मागे, वाऱ्याखाली राहते, आणि माणूस कोरड्या हवेत चालतो. तासे वाऱ्याच्या सरळ रेषेत असतील तर अडचण येते. चौफुलीवर लावलेल्या कपाशीत दोन्ही बाजूंनी चालता येते, हा त्या जुन्या पद्धतीचा एक फायदा डवरणीच्या हिशेबात धरतात, फवारणीच्या हिशेबात कोणी धरत नाही.

वाऱ्याइतकीच दुसरी गोष्ट दाबाची. हाताने दांडा मारायच्या पंपात दाब दोन ते चार किलोच्या आसपास राहतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला. इंजिनाच्या पंपात तो वीस-तीस किलोपर्यंत जातो. दाब वाढला की थेंब बारीक होतात, कोंडा वाढतो. आणि दाब वाढवून औषध त्या मानाने जास्त जाते म्हणावे, तर तसेही नाही. नोझलमधून पाणी दुप्पट जायला दाब चौपट करावा लागतो. म्हणजे दाब चौपट केल्यावर औषध दुप्पट आणि उडणारे धुके कितीतरी पट. यवतमाळच्या त्या हंगामात बॅटरीच्या नव्या पंपांबद्दल, लोक ज्यांना चिनी पंप म्हणत, हीच तक्रार होती की ते फार बारीक फवारतात. काम झटपट होते, हात दुखत नाही, म्हणून मजुराने ते आनंदाने घेतले. त्यात मजुराचा काय दोष? पंप विकणाऱ्याने दाबाचा काटा बसवला होता का? इंजिनाच्या पंपावर काटा असतो, पण दोन हंगामांत तो मरतो आणि शून्यावर पडून राहतो. दाबाचा साधा काटा काही शे रुपयांत मिळतो आणि नळीच्या जोडावर बसतो. तोही घ्यायचा नसेल तर एवढे तरी करा, पंपात साधे पाणी भरून नोझलखाली मापाचे भांडे धरा आणि एका मिनिटात किती पाणी येते ते मोजा. नवे नोझल किती देत होते ते लिहून ठेवा. ते वाढले की भोक झिजले. नोझल बदला, ते डब्यातल्या औषधापेक्षा स्वस्त असते.

आता धुऱ्यावरच्या भांडणाची गोष्ट. आपल्या कोरडवाहू भागात ज्वारी आणि कपाशी शेजारी शेजारी उभी असतात. ज्वारीतल्या रुंद पानांच्या तणाला, टारफुल्यालाही, २,४-डी मारतात. ज्वारीला ते सोसते. कपाशी मात्र या औषधाला इतकी हळवी आहे की दुसरे पीक क्वचित असेल. वाऱ्याने आलेला अंश लागला तरी नवी पाने अरुंद, बोटांसारखी फाटलेली निघतात, शिरा एकमेकींजवळ येतात, फुले-पात्या गळतात. त्याचा एस्टर प्रकार तर फवारून झाल्यावरही उन्हात वाफ होऊन उडतो, त्याला वाराही मोठा लागत नाही. ऑस्ट्रेलियातले नियम कडक झाले त्यामागे तिथल्या कापूस शेतकऱ्यांचे हेच नुकसान होते. आपल्याकडे असे झाले की काय होते? ज्याची कपाशी गेली तो म्हणतो, तुझ्या वावरातून आले. दुसरा म्हणतो, तू पंप न धुता वापरलास. दोघांचेही खरे असू शकते, कारण न धुतलेल्या पंपानेही अगदी अशीच पाने होतात. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक येतात, पाने पाहतात आणि रोग असे लिहून जातात. दोन शेतकरी भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या दिशेचा, किती वारा होता, एवढे वहीत लिहिलेले असते तर निम्मा वाद धुऱ्यावरच मिटला असता.

मी या यंत्रांचा आग्रह धरतो तो मुख्यतः त्या वहीसाठी. तारीख, वेळ, वावर, औषध, नोझल, दाब, वाऱ्याचा वेग आणि दिशा, फवारणारा कोण. एका ओळीत मावते. उद्या कोणाला विषबाधा झाली आणि पथकाने येऊन सांगितले की वाऱ्याविरुद्ध फवारले, तर वही पुढे करता येईल. वारा सहा होता, दिशा ही होती, नियमाप्रमाणे फवारले आणि तरीही माणूस पडला, आता औषधाबद्दल बोला, पंपाबद्दल बोला. मोडक्या-तोडक्या अक्षरांतली असली तरी ती त्याच दिवशीची नोंद आहे. त्यांच्याकडे त्या दिवसाची कोणतीच नोंद नसते. रोजाच्या मजुराला तर हिची आपल्यापेक्षा जास्त गरज आहे. जो मालक मजुराला फवारणीला लावतो त्याने आधी वारा मोजून वहीत लिहावा. हे आपल्याच लोकांना बोचेल, तरी लिहितो. मजूर मेला तर कंपनी आपल्याकडे बोट दाखवते, आणि वारा न पाहता त्याला दिवसभर पंपाखाली ठेवले असेल तर ते बोट अगदीच चुकीचे नसते.

एक भीती काही कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली, तीही रास्त आहे. वारा मोजायची पद्धत आपण सुरू केली तर उद्या सरकार ती सक्तीची करील. वही नाही म्हणून नुकसानभरपाई नाकारतील, वारामापक नाही म्हणून शेतकऱ्यावर गुन्हा. इन्स्पेक्टर राज आपण उगीच भोगलेले नाही. म्हणून सांगतो, सरकारकडे हे यंत्र मागायला जायचे नाही. अनुदानही मागायचे नाही. अनुदान आले की ठरावीक दुकानदार येतो, हजाराचे यंत्र तीन हजारांचे होते, आणि ते पहिल्याच पावसात बंद पडते. हा अनुभव पंपांपासून ताडपत्र्यांपर्यंत सगळ्यांना आहे. शरद जोशींनी तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले, ते बियाण्यापुरते नव्हते. मोजण्याचे साधन हेही तंत्रज्ञानच आहे, आणि ते ज्याच्या हातात त्याचा आकडा चालतो. गावातल्या दहा जणांनी प्रत्येकी दोनशे काढले तरी एक वारामापक आणि एक दाबाचा काटा येतो.

सरकारकडे मागायचे ते दुसरेच. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे, नियम १९७१ चे. डब्यावर आणि पत्रकावर काय छापायचे ते त्यांत सरकार ठरवते. तेव्हा वाऱ्याची मर्यादा शब्दांत नको, ताशी किलोमीटरच्या आकड्यात छापायला लावा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. या औषधाला कोणते नोझल आणि किती दाब, तेही छापा. जो पंप विकला जातो त्यावर दाबाचा काटा असलाच पाहिजे आणि कोणत्या दाबाला थेंब किती बारीक होतो ते पंपाच्या कागदावर असले पाहिजे. ऑस्ट्रेलियात विकताना कंपन्यांना आकडा छापता येतो, तर मराठीत छापायला काय अडचण आहे? आकडा छापला की जबाबदारी वाटली जाईल. म्हणूनच तो छापायला त्यांचा हात धजत नाही, असा माझा संशय आहे.

जिल्हा बैठकीत हा विषय ठेवला आहे. येताना ज्यांच्याकडे औषधांची जुनी पत्रके असतील त्यांनी ती आणावीत, कोणत्या औषधाच्या कागदावर वाऱ्याबद्दल नेमके काय लिहिले आहे ते एकत्र करून कृषी खात्यापुढे ठेवायचे आहे. ज्यांच्या गावात २,४-डीने कपाशी गेली असेल त्यांनी दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना बरोबर आणावे. आणि ज्या शाखा वारामापक घेतील त्यांनी पहिल्या हंगामाची वही फवारणी संपल्यावर जिल्ह्याकडे द्यावी, म्हणजे आपल्या भागात सकाळी आठला आणि दुपारी चारला वारा खरोखर किती असतो, हे पहिल्यांदा आपल्याच आकड्यांतून कळेल.